राखणीचा डबा

मी तोंडाची फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. भोरात कुणालाही विचारा, नुजहतबाईकडून उत्तर मिळतं, पण गोड मिळेलच असं नाही. एक्केचाळीस वर्षं झाली या तोंडाला. अम्मीनं लई प्रयत्न केले, ती गेली, तोंड आहे तसंच राहिलं.

माझी नोकरी दूध संघात. उत्रोलीच्या रस्त्याला संघाचं ऑफिस आणि दूध गार करायचं केंद्र, तिथं मी कॉम्प्युटर बघायची. पुण्यात राहून डिप्लोमा केलेली, त्यामुळं संघात त्यातलं कळणारी मी एकटीच. दोन हजार तीन साली संघानं भोर-वेल्ह्यातल्या नऊ केंद्रांवर कॉम्प्युटर बसवले. कुणाचं दूध आलं, किती लिटर, फॅट किती, सगळी नोंद त्यात. या नोंदी इंटरनेटवरून भोरला यायच्या, आणि बाहेरच्या कुणी त्यात हात घालू नये म्हणून प्रत्येक केंद्रावर पुण्याच्या एका कंपनीचा एकेक डबा बसवला. जेवणाच्या डब्याएवढा, निळा दिवा लागणारा. त्याला फायरवॉल म्हणतात, पण आमच्याकडं सगळे राखणीचा डबाच म्हणायचे. आत काय यावं, बाहेर काय जावं ते तो बघणार. दारावर बसवलेला माणूसच म्हणा, फक्त पगार न घेणारा.

पासलीच्या केंद्रावर कोमल होती. गावाच्या वर डोंगरात धनगरवाडा आहे, तिथल्या बिरू आणि आक्काबाईची पोरगी. बारावी झालेली, वाड्यावरची पहिलीच. मीच तिला शिकवलं. पहिल्या दिवशी माऊस तिनं असा चिमटीत धरला, जसा काही तो खरंच उंदीर आहे. सहा महिन्यांत नऊ केंद्रांत तिच्यासारखं काम कुणाचं नव्हतं.

रोज सकाळी पावणेसहाला तिचा फोन यायचा. लाईन चालू आहे का ते तपासायचं असायचं, दूध घालणारे यायच्या आत. डब्याचं एक पान होतं, त्यात एक चौकोन. चौकोनात भोरचा पत्ता टाकायचा, बटण दाबायचं, मग डबा भोरला हाक मारून बघायचा आणि उत्तर आलं की नाही ते सांगायचा. दोन मिनिटांचं काम. पण आमचं बोलणं वीस मिनिटं चालायचं. कुठली म्हैस व्याली, वाड्यावर बिबट्या कुणाचं वासरू घेऊन गेला, आक्काबाई कुणावर चिडली. मी तिला भोरचं सांगायची. घरात मी एकटी, शाकिर माझा भाऊ जेद्दाला, त्याचा फोन शुक्रवारी, तोही 'बरी आहेस ना' एवढाच. दिवसभरात माझ्याशी कामाशिवाय बोलणारं माणूस म्हणजे ही पासलीची पोरगी. आता लाज कशाला, त्या फोनसाठी मी साडेपाचलाच चहा करून बसायची.

आता त्या चौकोनाची गोष्ट नीट ऐका, कारण सगळं तिथंच घडलं.

आमच्या संघाचे चेअरमन चिमाजी आबा. संघाची प्रत्येक किल्ली आबांच्या कनवटीला. दुधाच्या टाकीची, कपाटाची, पाहुण्यांच्या संडासाचीसुद्धा. डबे बसले तेव्हा पुण्याच्या इंजिनियरनं विचारलं, पासवर्ड कुणाकडं ठेवायचा? आबा म्हणाले, माझ्याकडं. झालं. आता कोमलला पहाटे लाईन तपासायची तर पासवर्ड लागणार, आणि पासवर्ड आबांकडं, आणि आबा झोपलेले. पहिल्या आठवड्यात मी तीनदा त्यांना उठवलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग मी इंजिनियरला पत्र लिहिलं, माझ्या सहीनं, की सगळ्या डब्यांवर लाईन तपासायचं पान तेवढं बिनपासवर्डाचं ठेवा. त्यात काय जाणार आहे, नुसती हाक तर मारायची. त्यानं ठेवलं. वर त्यालाही दुरुस्तीसाठी पुण्याहून पासलीपर्यंत हाडं खिळखिळी करून यायचं नव्हतं, म्हणून ते पान त्यानं बाहेरूनही उघडेल असं करून ठेवलं. हे दुसरं त्यानं मला सांगितलं नाही.

चार वर्षं काही झालं नाही. दोन हजार सातच्या दिवाळीनंतर एका सकाळी कोमलचा फोन आला. नेहमीसारखं 'ताई, चहा झाला का' नाही. नुसतं म्हणाली, "ताई, समदं गेलं."

पासलीची लाईन अशक्त. छपरावरची छत्री जरा वाऱ्यानं हलली की बंद. म्हणून तिथल्या नोंदी रोज न पाठवता दहा दिवसांनी एकदम पाठवायचो, डबाच त्या उचलून भोरला द्यायचा. त्या सकाळी नऊ दिवसांच्या नोंदी कॉम्प्युटरमधून साफ पुसलेल्या. चाळीस घरांचं नऊ दिवसांचं दूध, कुणी किती घातलं काही पत्ता नाही. कागदाची वही आबांनीच बंद केलेली, कॉम्प्युटर आलाय मग वही कशाला म्हणून.

इंजिनियर आला, दोन तास बसला, डब्यातलं सॉफ्टवेअर नव्यानं घातलं, पासवर्ड, पानं सगळं पहिल्यासारखं लावून ठेवलं. त्याबरोबर डब्यात कुणाची काय ये-जा झाली त्याची नोंदही गेली. मी तेव्हा तिथं असते तर त्याचा हात धरला असता. मग त्यानं कॉम्प्युटर बघून अहवाल दिला: पुसण्याचा हुकूम बाहेरून आलेला नाही, केंद्राच्या आतूनच आला आहे, तेव्हा हे ऑपरेटरचं काम. आत कोण? कोमल. राखणीचा डबा शाबूत, त्याची कंपनी शाबूत, अडकली ती धनगराची पोरगी.

आबांनी तिच्याकडून केंद्राची किल्ली काढून घेतली. म्हणाले, कुणाच्या सांगण्यावरून केलंस ते बोर्डाच्या मीटिंगपर्यंत कबूल कर, नाहीतर पोलिसात तक्रार देतो. मीटिंग आठ दिवसांवर. कोमलचा फोन आला तो गावातल्या दुकानातून. रडत नव्हती. म्हणाली, "ताई, पोलिसात नाव गेलं तर वाड्यावरनं आता एक पोरगी शाळंला जायची न्हाई. म्या केलं न्हाई, पण मला दाखवता बी येत न्हाई."

मला असा राग आला की हातातला कप आपटला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण रागानं काय होतंय? पुरावा पाहिजे. तीन दिवस मी डोकं खाजवत बसले. हुकूम आतून आला हे खरं होतं, ते मीही तपासलं. आणि कोमलनं दिला नाही हेही खरं होतं, ते तपासायची मला गरज नव्हती. मग आत दुसरं कोण होतं?

चौथ्या दिवशी भाकरी थापताना मला एक गोष्ट आठवली. कोमल नवीन होती तेव्हाची. दुधाच्या वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो ना, म्हैस आजारी, उशिरा आले, असं काहीबाही लिहायचं, तिला त्याची सवय. तिला वाटलं या चौकोनातही शेरा लिहायचा असतो. तिनं भोरचा पत्ता टाकला आणि त्यापुढं इंग्रजी अक्षरांत, कंसात, 'धुकं लई आहे' असं लिहून बटण दाबलं. डब्यानं काहीतरी विचित्र उत्तर दिलं होतं. तिनं ते अक्षर न् अक्षर मला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. तेव्हा नुसतं हसले. आता हात पिठात तसाच राहिला. ते उत्तर त्या पानाचं नव्हतंच. डब्याच्या आतल्या यंत्राचं होतं. ते म्हणत होतं की हा हुकूम मला समजला नाही.

म्हणजे काय, ते सांगते. तुम्ही वाण्याकडं चिठ्ठी पाठवता, एक किलो साखर द्या. शहाणा वाणी साखर देतो. पण एखादा वाणी असा असला की चिठ्ठीत जे जे लिहिलंय ते सगळं करायचं, तर कुणीही साखरेच्या खाली लिहील, आणि दुकानाचं मागचं दार उघडा, आणि तो उघडेल. हा डबा तसला वाणी होता. चौकोनात पत्त्यापुढं जे लिहाल ते तो न बघता आतल्या यंत्राला द्यायचा, आणि आतलं यंत्र मालकाचा हुकूम समजून पाळायचं. कोमलच्या शेऱ्याचा अर्थ लागला नाही म्हणून ते कुरकुरलं. अर्थ लागेल असं कुणी लिहिलं तर? मग हुकूम लिहिणारा जगाच्या टोकाला बसलेला असो, पाळणारा डबा आत, केंद्रातच. हुकूम आतून आल्यासारखाच दिसणार.

परात तशीच टाकून मी ऑफिसात गेले आणि करून बघितलं. खरं निघालं. पण ऑफिसातून केलं तर इंजिनियर म्हणेल, तुम्ही संघाच्याच लाईनवर आहात. म्हणून दुपारी एसटी स्टँडसमोर दिलावरभाईच्या सायबर कॅफेत गेले. रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, वेळ लिहिली, सही केली. मुद्दाम ठळक केली, आपल्याला लपवायचं काय आहे? तिथून पासलीच्या डब्याचं पान उघडलं. उघडलं की! चौकोनात भोरचा पत्ता टाकला आणि पुढं हुकूम लिहिला, तुझ्याकडचे सगळे पासवर्ड दाखव. दाखवले. निमूटपणे, एका खाली एक. त्या यादीची मी छपाई घेतली. दिलावरभाई मला बाजी म्हणतात, मोठी बहीण म्हणून; म्हणाले, चेहरा का पांढरा पडलाय बाजी? मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. चार वर्षं नऊ केंद्रांची दारं सताड उघडी, आणि तीही माझ्या सहीनं.

हे मी गप्प ठेवू शकले असते. पत्राचं म्हणते मी. एक रात्र तसं वाटलंही. पण पत्राशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती, आणि अर्धी गोष्ट सांगून कोमल सुटत नव्हती.

मीटिंगला सगळे संचालक, पुण्याचा इंजिनियर, आणि दाराशी उभी कोमल, बिरूबरोबर. बिरूनं धुतलेलं मुंडासं बांधलं होतं. मी सगळं सांगितलं, वाण्याच्या चिठ्ठीसकट. माझ्या पत्राचंही सांगितलं. इंजिनियर म्हणाला, हे अशक्य आहे, हे सुरक्षेचं उपकरण आहे. मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, आणि घडी घातलेला कागद आबांच्या हातात दिला.

इथं मी चुकले. कागद फक्त आबांनी बघावा असं मला वाटत होतं. पण आबांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चारचौघांत चष्मा लावायला ते तयार नसतात, हे संघातलं शेंबडं पोरही जाणतं, आणि मी विसरले. त्यांनी तो कागद शेजारच्या कोंडिबा मास्तरांना दिला, वाचा म्हणून. मास्तर जन्मभर हजेरी घेतलेले. त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "चेअरमन. पासवर्ड, आमदार चिमाजी."

आधी एक जण खोकल्यासारखं हसला. मग दुसरा. मग सगळी खोली. वेल्ह्याचा एक संचालक तर डोळे पुसायला लागला. आबांनी चार वर्षं कुणालाही न सांगितलेला शब्द, आणि तो असला. दाराशी बिरूही हसला बिचारा, सगळे हसतायत म्हणून. आबांचं तोंड आधी लाल झालं, मग शांत झालं. त्या शांत तोंडाची मला जास्त भीती वाटली.

हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "म्हणजे बाई, भोरात बसून तुम्ही पासलीच्या मशिनमध्ये काय वाटेल ते करू शकता?"

"मीच नाही. कुणीही करू शकतं. परदेशातला माणूससुद्धा."

"त्या कुणीहीचं नाव माहीत आहे?"

"नाही."

"तुमचं माहीत आहे. रजिस्टरला आहे म्हणता."

मी म्हटलं, अहो, ती सही या आठवड्यातली आहे, नोंदी त्याआधीच गेल्या होत्या. कुणी ऐकलं नाही. इंजिनियर इतका वेळ घाम पुसत होता, त्यानं पिशवीतून माझं जुनं पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. पान उघडं ठेवायला मॅडमनीच सांगितलं होतं, म्हणाला. खरंच होतं ते. मी काय नाही म्हणणार? आबा उठले, कोमलकडं वळून म्हणाले, पोरी, तुझा काही दोष नाही, उद्यापासून केंद्र उघड. बिरूनं वाकून नमस्कार केला. माझ्याकडं न बघता आबा म्हणाले, बाईंनी उद्यापासून यायची गरज नाही, पोलिसात आपण जात नाही, बाईमाणूस आहे.

मी जिंकले होते बघा. जे मागायला गेले होते ते मिळालं. तरी घरी येताना वाटेत तिघांनी मला बघून न बघितल्यासारखं केलं.

तीन महिन्यांनी कंपनीनं सगळे डबे गुपचूप सुधारले, असं मला दिलावरभाईंकडून कळलं. तो चौकोन आता पत्त्यापुढचं काही घेत नाही. त्याचं कारण कुणी कुणाला सांगितलं नाही. नोंदी कुणी पुसल्या ते अजून माहीत नाही. असेल कुणीतरी, कुठल्या तरी मुलखात बसलेला, ज्याला पासली कुठं आहे, धनगरवाडा काय असतो, याचा पत्ताही नसेल. त्यानं बहुतेक नुसतं करून बघितलं असेल. त्याच्यावर चिडायचं म्हटलं तरी चिडता येत नाही, तोंडच नाही त्याला.

मीटिंगनंतर कोमलचा फोन आला नाही. मी समजून घेतलं, संघाचा फोन, त्यावरून मला कशी करणार. पण सवय वाईट. मी साडेपाचला उठायची आणि मग सात वाजेपर्यंत काय करायचं ते सुचायचं नाही. लई एकटं वाटायचं. अम्मी गेली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा लोक येत होते.

मग एका रविवारी दुपारी दारात कोमल. पासलीहून दोन गाड्या बदलून आलेली. हातात स्टीलचा डबा, त्यात खरवस. आक्काबाईनं दिला होता, तांबडी गाय व्याली म्हणून. मला इतका आनंद झाला की तिला बस म्हणायचंसुद्धा विसरले. चहा केला, बिस्किटं काढली, तिला एकामागून एक विचारत सुटले. ती सांगत होती, वाड्यावरच्या दोन पोरी यंदा वेल्ह्याच्या शाळेत घातल्या, केंद्रावर सगळं ठीक आहे. मध्येच थांबायची आणि कपात बघायची.

मग म्हणाली, "आई म्हनली, जाऊन पाय धरून ये. तुमी सगळ्यांसमोर कबूल झाला म्हनून माझं काम राहिलं. दुसरं कुनी कबूल झालं नसतं."

मी म्हटलं, कबूल? अगं काय कबूल? आणि पुन्हा सगळं सांगायला बसले. चौकोन, चिठ्ठी, वाणी, तिचा तो धुक्याचा शेरा. पत्र माझं होतं, पण पुसलं मी नाही. कागद घेऊन चित्र काढलं. तासभर सांगितलं. ती प्रत्येक वाक्याला व्हय ताई, व्हय ताई म्हणत होती, आजारी माणसाला म्हणतात तसं. मी शिकवलेली पोरगी, माझ्यापेक्षा जलद टाईप करणारी. तिला समजत नव्हतं असं नाही. तिचं आधीच ठरलं होतं, आणि ठरवून तिनं मला माफही केलं होतं.

साडेतीनच्या गाडीला ती उठली. खरंच पायाला हात लावला, मी मागं सरायच्या आत. चपला घातल्या, उंबऱ्यापाशी थांबली, आणि खाली बघत म्हणाली, "ताई, एक इचारू? तुमाला माझा कशाचा राग आला व्हता?"

मी म्हटलं, जा, गाडी चुकेल.